तहानेतलं मीठ

फार फार वर्षांपूर्वी माळावरच्या एका करडईच्या मुळाच्या टोकाशी एक इवलीशी खोली होती आणि एक पातळ पापुद्रा तिचं दार राखत असे. पाण्याला तो अडवत नसे. ते आपल्या मनाने येई-जाई. मिठाचा कण मात्र त्याने स्वतः उचलून घेतला तरच आत यायचा.

एका वर्षी जमीन कोरडी पडली. खोलीतलं पाणी आटू लागलं, तरी पापुद्रा एकेक कण मीठ आत ओढतच राहिला.

वरून पान ओरडलं, "अरे, इथे घशाला कोरड पडलीय आणि तू मीठ कसलं भरतोस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

शेजारच्या खोलीच्या पापुद्र्याने तर सगळं मीठ बाहेर लोटलं होतं. "सोड की लेका," तो म्हणाला, "कशाला मरमर करतोस?"

मीठ ओढून ओढून पापुद्र्याचं अंग मोडून आलं होतं. "पाण्याला हात धरून आणता येत नाही," तो म्हणाला. "पण जिथे मीठ, तिथे त्याची ओढ." आणि त्याने पुढचा कण उचलला.

आठव्या दिवशी ढेकळाला चिकटलेला उरलासुरला ओलावा हलला. शेजाऱ्याच्या दारावरून तो न थांबता पुढे गेला आणि पापुद्र्यातून आत शिरला. खोली टम्म फुगली.

पानाने मान वर केली. "आता तरी बस रे जरा."

"पाणी आलं, म्हणजे मीठ पातळ झालं," पापुद्रा म्हणाला आणि पुढच्या कणाला त्याने हात घातला.