सोनेरी राहिलेलं तेल

"मग, यातलं टिकाऊ कोणतं?" सोमगिरीबाबांनी विचारलं.

वामनने तेलाच्या दोन बाटल्या मठाच्या पायरीवर ठेवल्या. खाडीवरचं पहाटेचं धुकं ओसरीपर्यंत आलं होतं. पलीकडचा काठ नव्हताच जणू. मठाच्या दोन्ही लाँच धुक्यातच बांधून ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

या खाडीवर दर निवडणुकीत पूल बांधला जातो, भाषणात. अडलेली बाई, तापाने फणफणलेलं मूल दवाखान्यात पोचतं ते याच लाँचमधून. एक वामन चालवायचा, दुसरी त्याचा गुरुबंधू जनू. पावसाळ्यानंतर दोन्ही इंजिनांत वेगवेगळं तेल घातलं होतं. जे टिकेल ते ठेवायचं, असं ठरलं होतं.

"हे," वामन म्हणाला.

त्याच्या लाँचमधलं तेल अजून सोनेरी होतं. जनूच्या लाँचमधलं डांबरासारखं काळं.

वामन तेवढ्यावर थांबला नाही. तेलासारखा जनूही काळवंडलाय, म्हणाला. दारुड्यांच्या ओट्यावर बसतो. मार खाल्लेल्या बायकांबरोबर पोलीस चौकीवर जातो, आजही जाणार आहे. गाव त्याच्याबद्दल नको ते बोलतं. वामनबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. तेव्हा जनूला मठातून काढावं आणि दोन्ही लाँच वामनकडे द्याव्यात.

बाबा सोनेरी बाटली डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिले... धुक्यातून जो काही उजेड येत होता, तो सगळा त्या तेलात उतरला होता.

"डिझेल तर दोन्हीकडे जळलं," ते म्हणाले. "तुझ्याकडची काजळी कुठे गेली?"



बाबांनी त्याला दोन्ही इंजिनांची झाकणं काढायला लावली.

"आत बोट फिरव."

जनूच्या इंजिनात वामनच्या बोटाला तेलाचा पातळ थर लागला. खालचं लोखंड चमकत होतं; काजळी सगळी तेलाने स्वतःत उचलून घेतली होती.

मग त्याने स्वतःच्या इंजिनात बोट घातलं. ते रुतलं. आत काळा, घट्ट गाळ साचला होता, तेलाच्या वाटा बुजत आल्या होत्या. आणखी काही फेऱ्या, आणि इंजिन भर खाडीत बंद पडलं असतं. माणसांसकट.



"तरी पण, बाबा," तो म्हणाला, "काळं झालेलं तेल बदलावंच लागतं ना?"

"लागतं."

बाबांनी त्याचा हात हातात घेतला. आपल्या पांढऱ्या उपरण्याला ते बोट सावकाश पुसलं.

"जनूला आज झोपू दे," ते म्हणाले. "चौकीवर तू जा."