पिंपाच्या आतली बाजू

"पण मदर, मग येशू मला दिसत का नाही?"

मदर सेवेरिना वाल सोलत होत्या. वसईच्या त्या मठात चाळीस वर्षं काढलेली बाई. असल्या प्रश्नांना ती काय दचकणार?

"किती दिवस झाले बघतेयस?"

"अकरा महिने. रोज सहा तास गुडघे टेकून प्रार्थना करते मी. इतर सिस्टर्स डुलक्या काढतात, माझी पापणी लवत नाही."

"बापरे," मदर म्हणाल्या.

सिस्टर अपोलीनला राग आला. तत्त्वज्ञानात एम.ए., तीही विद्यापीठात पहिली! सगळं सोडून आली होती ती. येत्या रविवारी ती मठात कायम राहण्याची व्रतं घेणार होती.

"रविवारपर्यंत दिसला नाही, तर मी घरी जाते. ट्रंक भरून ठेवलीय."

"बरं केलंस. तुझ्या कपाटाला वाळवी लागलीच होती."

...

"दारावरची सिस्टर तापानं झोपलीय," थोड्या वेळानं मदर म्हणाल्या. "दुपारी पिंपापाशी तू बस. वाकून बघायचं नाही. आपण कोण तेही सांगायचं नाही."

हा मठ बंदिस्त. तिथल्या सिस्टर्स बाहेर पडत नाहीत, बाहेरच्यांना तोंड दाखवत नाहीत. म्हणून दाराशेजारच्या भिंतीत एक लाकडी पिंप बसवलेलं, एका बाजूनं उघडं. वस्तू ठेवायची आणि पिंप फिरवायचं, की ती पलीकडे जाते. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला.

अपोलीन आपलं ताट घेऊनच तिथं बसली. भाकरी आणि चार बोंबील. रांधायची पाळी तिचीच होती, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

पहिला घास उचलला, तोच घंटा वाजली.

"मिठागरावरनं आलोय, बाय," एक म्हातारा आवाज म्हणाला. "कालपासनं उपाशी आहे. काही असंल तर बघ."

स्वयंपाकघरात काही उरलेलं नव्हतं. बोंबील मोजूनच आलेले.

अपोलीननं ताटाकडे पाहिलं. फार जिवावर आलं तिच्या. पण घास परत ताटात ठेवला, ताट पिंपात ठेवलं आणि पिंप फिरवलं.

पलीकडे बराच वेळ नुसतं चावल्याचा आवाज. मग एक लांबलचक ढेकर.

"येशूराया," म्हातारा मनापासून म्हणाला, "दिसत तर तू कधी नाहीस. पण बोंबील काय कुरकुरीत तळतोस रे बाबा!"

अपोलीननं तोंड उघडलं. अहो आजोबा, ते बोंबील मी तळलेत, असं अगदी ओठांवर आलं होतं...

तिनं तोंड मिटलं.

पिंप फिरलं. ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं. तिला आधी हसू फुटलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. इतकं हलकं तिला अकरा महिन्यांत वाटलं नव्हतं.

ती धावतच मदरकडे गेली आणि घडलं ते सगळं एका दमात सांगितलं. ढेकर आला तिथं मदर अशा काही हसल्या की मांडीवरचे वाल घरभर झाले.

"मग? त्याला सांगितलंस का, की तो मी नव्हे म्हणून?"

"नाही."

"का गं?"

एम.ए. झालेली अपोलीन खाली बसली आणि वाल वेचू लागली.

"मी राहते, मदर," ती शेवटी म्हणाली. "रविवारी व्रतं घेते. पण खरं सांगू? मला तो अजूनही दिसलेला नाही."

मदरनी डोळे पुसले.

"अगं वेडे, आत कोण बसलंय हे आत बसलेलीला कसं कळायचं? ते बाहेर बसून जेवणाऱ्यालाच कळतं."