ओळखीचं आहे का?

“पण माई, मी तर नियमाने वागलो. माझं चुकलं कुठे?”

माई चुलीवरच्या दुधाकडे बघत बसल्या.

हेरंब माईंच्या नदीकाठच्या या मठात बरीच वर्षं येत होता. लोकांचे कॉम्प्युटर चोरांपासून राखायचं त्याचं काम. त्यात आपला हात धरणारं कुणी नाही, हे तो स्वतःच सांगायचा. तो आला की माई हसून विचारायच्या, “तुझी कुलपं बरी आहेत ना रे?”

आज त्यांनी विचारलं नाही. त्याच्या डोक्यावर केस नुकते कुठे उगवू लागले होते.

“गेल्या खेपेला तुम्हाला मजेत सांगितलं होतं,” तो म्हणाला. “घरच्या कॉम्प्युटरवर रोज सूचना यायची. नवीन नेटवर्क सापडलं, ओळखीचं आहे का? नाव अगदी माझ्या घरच्या नेटवर्कचंच. आणि पासवर्ड नाही. सताड उघडं.”

“चोर आहे म्हणाला होतास.”

“चोर असंच करतात, माई. आपल्याच नावाचं दार मांडतात आणि वाट बघत बसतात. मी रोज ‘नाही’ दाबायचो. मग एक दिवस सूचना यायची थांबली. बायकोला म्हटलं, कंटाळून पळाला बघ.”

“आणि?”

“...नाना ताईकडे राहायला गेले होते. जाताना घरातला मेन स्विच बंद करून.”

नाना म्हणजे त्याचे वडील. हेरंबच्याच इमारतीत एक मजला खाली राहायचे. मोबाइलवर जे येईल ते उघडून बघायचे, म्हणून हेरंबने त्यांना आपल्या नेटवर्कवरून काढून टाकलं होतं. वर चार पाहुण्यांसमोर म्हणाला होता, “नाना, तुमच्यामुळे माझं घर उघडं पडतं.”

त्यानंतर नाना जिना चढले नाहीत. हाही उतरून त्यांच्या दारात गेला नाही. आणि ताईच्या घरून नाना परत आलेच नाहीत. तिथेच त्यांनी डोळे मिटले.

“तेराव्याला इंटरनेट जोडून देणारा माणूस जेवायला आला होता,” हेरंब म्हणाला. “ते नेटवर्क नानांचं होतं, माई. त्याला सांगितलं होतं म्हणे, नाव मुलाच्या घराचंच ठेव. आणि पासवर्ड नको. मागावा लागला तर हेरू यायचा नाही...”

दूध वर आलं. माईंनी पातेलं उतरवलं.

“नियमाने बरोबरच वागलास.”

“मग जीव असा का तुटतो?”

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बाहेर गेल्या आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं.

हेरंब बसून राहिला. आपण जास्त बोललो की काय, असं त्याला वाटलं.

दारावर हलकेच थाप पडली.

तो धडपडत उठला आणि त्याने दार उघडलं. उंबऱ्यात माई उभ्या होत्या.

“कोण आहे, ते विचारलं नाहीस?”

“तुम्हीच ना, माई. दुसरं कोण असणार?”

माई आत आल्या. दार त्यांनी तसंच उघडं ठेवलं. पेल्यात दूध ओतून त्याच्या हातात दिलं. पेला कडेपर्यंत भरलेला होता, त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

“नानांनाही तसंच वाटलं असेल, बाळा.”