बोकेसाहेबांचा पोहण्याचा वर्ग

फार वर्षांपूर्वी, जंगलात नुकत्याच कचेऱ्या सुरू झाल्या तेव्हा, नदीकाठी भिवरी नावाची पाणमांजर पिल्लांना पोहायला शिकवायची. मानेला धरून पाण्यात न्यायचे आणि हळूच सोडायचे, एवढीच तिची पद्धत.

एके दिवशी राजाच्या कचेरीतून बोकेसाहेब आले. सोबत पळसाच्या पानांचा भारा, अन् पानापानावर पोहण्याची चित्रे.

"सात दिवस शिक्षकांचे प्रशिक्षण आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी या खडकावर बसायचे. पाण्यात कोणी उतरायचे नाही, पाने भिजतात."

"साहेब, तुम्ही स्वतः कधी पोहलात का?" भिवरीने विचारले.

"बाई, मी पोहण्यातला तज्ज्ञ आहे, पोहणारा नव्हे," मिशा पुसत साहेब म्हणाले.

तीन दिवस भिवरी मनात चरफडत खडकावर बसली. पिल्लांकडे बघायला कुणीच नव्हते. चौथ्या दिवशी एक पिल्लू घसरून डोहात पडले आणि गटांगळ्या खाऊ लागले.

"घाबरू नकोस, अकरावे पान बघ!" बोकेसाहेब ओरडले आणि खरोखरच त्यांनी ते पान पाण्यात टाकले.

तोवर भिवरीने सूर मारला होता. पिल्लाला तिने काठावर आणले, आणि त्याची धाप थांबताच पुन्हा पाण्यात नेऊन शिकवायला लागली.

सातव्या दिवशी संध्याकाळी बोकेसाहेबांनी राजाला अहवाल धाडला. 'प्रशिक्षण यशस्वी. अकराव्या पानामुळे एक पिल्लू वाचले. भिवरीबाई वर्ग अर्धवट सोडून गेल्या, सबब त्यांना पोहण्यात नापास करण्यात येत आहे.'