परत न आलेले

दोष डॉक्टर अविनाश बेडकिहाळचा होता. मशीनचा नाही, हाताखालच्या पोरांचा नाही, पेशंटच्या अडाणीपणाचा तर नाहीच नाही.

"तुझा अभ्यास, पुरस्कार, सगळं ऐकलं," मुजावर सर म्हणाले, "पण जे परत आलेच नाहीत, त्यांचं काय केलंस?"

"कोण, सर?"

"डोक्याला मार लागलेले. तू तपासलेस, महिन्यानं या म्हणालास. आले नाहीत. त्यांना कशात धरलंस?"

बेडकिहाळ हसला. एवढा सोपा प्रश्न!

"बरे झालेल्यांत, सर."



बेडकिहाळ मेंदूचा सर्जन. डोक्याला किरकोळ मार लागलेल्यांवर त्याचं संशोधन. स्कॅन स्वच्छ, माणूस बोलतोय, चालतोय, मग आठवडाभर विश्रांती घ्यायची आणि कामाला लागायचं, पुन्हा बोलवायची गरज नाही, हा त्याचा निष्कर्ष. देशोदेशीच्या दवाखान्यांनी त्यावरून नियम केले. आता मोठा पुरस्कार मिळाला, म्हणून तो मिरजेला गुरूच्या पाया पडायला आला होता. सत्काराची शाल अजून खांद्यावरच. मोठ्या माणसांना पाया पडायला आवडतं. तेवढा वेळ समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

सरही चार-पाच वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरले होते. बेडकिहाळनंच तपासलं होतं. "काही झालेलं नाही, सर. महिन्यानं एकदा दाखवून जा." अभ्यासात त्यांनाही घेतलं होतं. सर दाखवायला आले नाहीत. आणि तेव्हापासून बेडकिहाळलाही मिरजेला यायला सवड झाली नाही.

सर उठले. "उन्हाचा आलायस. बस, पाणी आणतो."

आत गेले.

बेडकिहाळ बसून राहिला. शाल नीट केली. भिंतीवरचा सरांचा तरुणपणीचा फोटो बघितला. आतून भांड्याचाही आवाज येईना. म्हातारा रुसला, त्याला वाटलं. का परीक्षा घेतोय? यांना आयुष्यभर दुसरं आलंय काय?

शेवटी तो उठून आत गेला.

सर माठासमोर उभे होते. हातात रिकामा पेला. वर्गात उभं केलेल्या पोरासारखे.

"सर?"

सरांनी मान वळवली.

"सर, पाणी आणायला आला होतात तुम्ही."

"होय काय?" सरांनी पेल्याकडे बघितलं. "कुणाला पाहिजे होतं?"

बेडकिहाळ पुढं झाला. त्यानं सरांच्या हातातला पेला काढून घेतला, त्यांना धरून स्टुलावर बसवलं.

"कधीपासून?"

"जिन्यावरून पडलो तेव्हापासून. काही लख्ख असतं, काही गुल होतं."

"मग दाखवायला का नाही आलात?"

"निघालो होतो की. मार्केटपर्यंत आलो... पुढं कुठं जायचं तेच कळेना. एका भाजीवालीनं घरी आणून सोडलं."

"फोन तरी करायचा!"

"आणि काय सांगू? डॉक्टर मुजावरला मिरजेत रस्ता सापडत नाही म्हणून?" सर हसले. "तुझ्या अभ्यासात मी काय झालो?"

बेडकिहाळची मान वर होईना.

"बरे... झालात, सर."

"मग अभिनंदन कुणाचं करायचं? तुझं का माझं?"

बेडकिहाळला परत न आलेली ती माणसं आठवेनात. चेहरे नव्हतेच त्यांना. कुणी ट्रक चालवत असेल, कुणी गॅसवर दूध ठेवून विसरत असेल, कुणी घरच्यांची बोलणी खात असेल, 'डॉक्टर म्हणाले काही झालं नाही, तू नाटकं करतोस.' त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि कोपऱ्यात सापडलेला माणूस जे करतो, तेच त्यानं केलं.

"सर, न आलेला पेशंट बरा समजायचा, हे तुमचंच वाक्य आहे. वॉर्डात तुम्हीच शिकवलंत. सगळ्या बॅचला पाठ होतं."

सरांनी मान डोलावली.

"माझंच," ते म्हणाले. "शंभर टक्के माझं. पेशंटची रांग मोठी असायची, मला घरी जायची घाई असायची."

"मग..."

"माझं मी भोगतोय, अविनाश. तुझं कोण भोगतंय?"

बेडकिहाळ खाली बसला. फरशीवरच. शाल कधी गळून पडली, त्याला कळलं नाही. ह्या खेपेला पाय धरायचंही धाडस झालं नाही.

"मी सगळं मागं घेतो, सर. जाहीर सांगतो, चुकलो म्हणून. पुरस्कार परत करतो."

"कर."

"दवाखान्यातलं पद जाईल."

"जाईल."

तो थांबला. मग, आपण पन्नाशीचे आहोत हे विसरून, शाळकरी पोरासारखं त्यानं विचारलं,

"सर... मी तरी आठवतो ना तुम्हाला?"

सरांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. पेशंटकडे बघावं तसं.

"नाव आठवतंय," सर म्हणाले. "तू मला का आवडायचास, ते गेलं."