कुठले रायाजी?

रायाजी राजानं दवंडी पिटवली. "आजपासून या मुलखात रायाजी हे नाव एकट्या सरकारांचं. आणखी कुणाचं असेल त्यानं सर्वपित्री अमावस्येच्या आत बदलावं, नाहीतर नदीपलीकडं चालू लागावं!"

झालं होतं असं. राजानं नदीला दगडी घाट बांधला. कौतुक ऐकायला घोंगडी पांघरून स्वतःच पायरीवर जाऊन बसला. एक वाटसरू आला, गार पाण्यात पाय सोडले आणि म्हणाला, "झकास घाट आहे. कुणी बांधला?"

धुणं धुणारी बाई म्हणाली, "रायाजी राजानं."

"कुठला रायाजी? लढाईतनं पळाला तो?"

पळाला तो राजाचा खापरपणजोबा. आजोबाचं नाव नातवाला, ही त्या घराण्याची रीत, तुमच्याआमच्यासारखीच. त्यामुळे गादीवर एक आड एक रायाजीच बसत आलेला. पण हे वाटसरूला कोण सांगणार? राजा घोंगडीसकट तरातरा घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी दवंडी.

मुलखातले रायाजी भराभर नावं बदलू लागले. तेली झाला गणोजी, न्हावी झाला सटवाजी. त्यांच्या बायकांना काही फरक पडला नाही. त्यांनी नवऱ्याचं जुनं नाव तरी कधी तोंडानं घेतलं होतं?

अडला एकटा रायाजी गुरव. हा म्हातारा महादेवाच्या देवळात नगारा वाजवायचा, पत्रावळी लावायचा आणि दात पडले तरी तोंड चालवायचा. हवालदार दारात आला तर म्हणाला, "आजोबाचं नाव आहे, बाबा. तू असं कर, माझ्या आजोबाला विचारून ये. ते हो म्हणाले की बदलतो."

"कुठं असतात ते?"

"वर. सावकाश जा, घाई नाही."

हवालदार चिडला. "अमावस्येला दिवस मावळला की तुम्हाला उचलून नदीपार सोडतो, मग करा तिथं थट्टा."

म्हातारा हसला खरा. पण हवालदाराची पाठ वळल्यावर टिपऱ्या हातात घेऊन नगाऱ्यापुढं बसला आणि वाजवायचंच विसरला. ते त्याच्या सुनेनं, बायजानं, पाहिलं.

"मामंजी, नाव बदलायचं नाही. मी बघते."

"तू काय बघणार? तू तर माझं नावसुद्धा घेत नाहीस."

"म्हणून तर ते अजून नवंकोरं आहे."

अमावस्येला राजवाड्यात श्राद्ध होतं. पत्रावळी गुरवाच्याच घरच्या. बायजानं भारा आणून टाकला आणि जायचं सोडून अंगणाच्या कडेला बसून राहिली. भटजींनी भाताचे पिंड मांडले.

"पित्याचं नाव?"

"साबाजी," राजा म्हणाला.

"आजोबांचं?"

राजानं तोंड उघडलं तोच बायजा ओरडली, "सरकार, जपून!"

हवालदार काठी घेऊन धावला. राजानं त्याला हातानंच थांबवलं. "कोण गं तू?"

"गुरवाची सून. आता जे नाव घेणार होतात, ते या मुलखात एकाच माणसाचं आहे ना? दवंडी तुमचीच. मग हा पिंड कुणाला जाणार?"

भटजींचा हात वरच्या वर राहिला. भिंतीवरचा कावळा मान वाकडी करून राजाकडं बघू लागला. राजा जरा मागं सरकला.

"भटजीबुवा, आजोबांना दुसरं नाव देता येईल?"

"देता येईल. पण मग पिंड दुसऱ्याच्या आजोबांना जाईल. तुमचे उपाशी."

"बरं, मेलेल्यांना दवंडीतनं वगळलं."

"मामंजींना तसं कळवते," बायजा म्हणाली. "नाव ठेवायचं तर आधी मरा म्हणावं. पण आज घरी खीर आहे. जेवल्याशिवाय ऐकायचे नाहीत."

लोकांनी पदरात, उपरण्यात तोंडं लपवली. राजाचंही नाक फुरफुरलं, पण हट्ट जाईना. "तुला हसायला काय जातंय? उद्या माझ्या घाटावर बसून लोक विचारणार, कुठला रायाजी? पळाला तो? तुझ्या सासऱ्याचं नाव काय?"

"ते मी घेत नाही. वडीलधाऱ्यांचं नाव आहे."

"मग माझं घे."

"तेही तेच. कसं घेऊ?"

"अगं, मग तू कुणाबद्दल बोलतेस ते कळायचं कसं?"

"कळत नाही? बघा हं. नगारावाले म्हटलं की कोण?"

"तुझा सासरा."

"तळं खणणारे?"

"माझे आजोबा."

"लढाईतनं..."

"पुरे, पुरे. कळलं."

"लग्न झाल्यापासून हे नाव माझ्या तोंडी आलं नाही, सरकार. पण एकदाही कुणाची गल्लत झाली नाही."

राजानं आवाज खाली आणला. "आणि मला काय म्हणतात?"

भटजींना एकदम दर्भ निवडायचं काम आठवलं. बायजा म्हणाली, "आधी घाटवाले म्हणत होते. आता दवंडीवाले म्हणतात."

"दवंडी मागं घेतली तर?"

"ते संध्याकाळी घाटावर बसून ऐका. फक्त घोंगडी दुसरी घ्या. जरीच्या काठाची घोंगडी अख्ख्या गावात एकच आहे. परवा एकट्या वाटसरूनं ओळखलं नव्हतं."

राजा असा हसला की पवित्री बोटातनं निसटली. हसता हसताच त्यानं दवंडी मागं घेतली आणि आजोबांचं नाव ठणठणीत आवाजात घेतलं. पिंड ठेवल्याबरोबर कावळ्यानं झडप घातली.

बायजाला घाटाशेजारचा पळसाचा माळ इनाम मिळाला, पत्रावळींना जन्मभर पुरेल एवढा. आणि मुलखातल्या झाडून सगळ्या रायाजींना त्याच दिवशी राजवाड्यात जेवायचं आवतण गेलं. नगारावाले राजाच्या शेजारी बसले. पंगत रंगात आली तेव्हा वाढप्यानं भोळेपणानं विचारलं, "रायाजींना आणखी खीर?"

अख्ख्या पंगतीनं द्रोण पुढं केले. राजाचा सगळ्यात आधी.