पलीकडचा काठ

नदीवर धरण नव्हतं, तेव्हाची गोष्ट. दोन्ही काठांवरची पाणमांजरं एकाच डोहात मासे धरत. म्हाताऱ्या चंदीची बहीण पलीकडच्या काठावर नांदत होती.

एका वर्षी मासे घटले. म्होरक्या भुऱ्याला पुन्हा कोणी निवडेना, तेव्हा तो गरजला, "पलीकडच्यांनीच आपले मासे पळवले!" लढाई झाली. पलीकडचे परागंदा झाले. सगळ्यांनी भुऱ्याला डोक्यावर घेतलं आणि पुन्हा म्होरक्या केलं. चंदीही जयजयकारात सामील झाली.

मासे मात्र वाढले नाहीत. पुढच्या निवडीला भुऱ्या म्हणाला, "आता वरच्या डोहावर चालून जाऊ!"

चंदी हळूच म्हणाली, "मासे तेव्हाही कमीच होते रे. पण हाक मारली की पलीकडून ओ यायची."

त्या खेपेला सगळ्यांनी दुसरा म्होरक्या निवडला.